जुना हीटिंग प्रोग्रॅमर बिघडला: दुरुस्ती, तसाच नवा, की स्मार्ट?

ब्रिटनमध्ये ऑक्टोबर लागला की ओळखीच्या मराठी घरांतून हीटिंगबद्दल विचारणा सुरू होते. उन्हाळाभर प्रोग्रॅमरकडे, म्हणजे हीटिंगच्या वेळा सांभाळणाऱ्या भिंतीवरच्या डबीकडे, कुणी बघितलेलं नसतं. पहिल्या थंडीत सगळे एकदम त्याच्याकडे वळतात आणि नेमका तेव्हाच तो दगा देतो. पडदा कोरा पडतो, घड्याळ भलतीच वेळ दाखवतं, किंवा पडद्यावर सगळं व्यवस्थित दिसतं आणि रेडिएटर मात्र थंडगार. मग घरात चर्चा रंगते. कुणी म्हणतं उघडून बघू, कुणी म्हणतं तसाच नवा आणू, आणि मुलं म्हणतात आता तरी फोनवरून चालणारं स्मार्ट काहीतरी घ्या.

माझं मत आधीच सांगते. घरात गरम पाण्याची टाकी असेल आणि प्रोग्रॅमर दहा-पंधरा वर्षांहून जुना असेल, तर बहुतेकांनी त्याच बॅकप्लेटवर, म्हणजे डबीमागे भिंतीला लावलेल्या आणि वायर जोडलेल्या पट्टीवर, बसणारा साधा नवा प्रोग्रॅमर घ्यावा. स्मार्ट कंट्रोल काही ठराविक घरांना खरंच उपयोगी पडतो, सगळ्यांना नाही. जुनी डबी उघडून दुरुस्त करणं जवळजवळ कुणाच्याच हिताचं नाही. पण या तिन्हींतलं काहीही करण्याआधी दोष प्रोग्रॅमरचाच आहे ना, हे तपासा. डबी दिसते म्हणून दोषही तिच्याच माथी मारला जातो. नवी डबी बसवल्यावरही रेडिएटर थंडच राहिले, असं फार घरांत होतं.

डबीचं काम किती, बाकीच्यांचं किती

प्रोग्रॅमर म्हणजे एक घड्याळ आणि दोन स्विच. एक स्विच गरम पाण्याचा, दुसरा रेडिएटरचा. ठरलेली वेळ झाली की आतला रिले, म्हणजे विजेने चालणारा छोटा स्विच, ‘टक्’ करतो आणि २३० व्होल्टची वीज पुढे जाते. हीटिंगची वीज खोलीतल्या थर्मोस्टॅटकडे जाते. खोली गार असेल तर तो ती मोटरवर चालणाऱ्या व्हॉल्वकडे सोडतो. व्हॉल्व पूर्ण उघडला की त्याच्या पोटातला छोटासा स्विच बॉयलर आणि पंपाला चालू करतो. गरम पाण्याचा मार्गही असाच, फक्त खोलीच्या थर्मोस्टॅटऐवजी टाकीला बांधलेला थर्मोस्टॅट असतो, साधारण ६० अंशांवर लावलेला.

म्हणजे प्रोग्रॅमर फक्त ‘कधी’ ते सांगतो. ‘किती’ हे थर्मोस्टॅट ठरवतो. या साखळीत कुठेही तुटलं तरी बाहेरून लक्षण एकच दिसतं, घर गार. कॉम्बी बॉयलर असेल तर टाकी नसते, नळ उघडला की पाणी तिथल्या तिथे तापतं. त्यामुळे त्या घरात प्रोग्रॅमरला एकच काम उरतं, रेडिएटरची वेळ सांभाळायचं.

पडदा कोरा आहे

पहिल्यांदा बॉयलरकडे जा. त्याचा दिवा किंवा पडदा चालू आहे का? हीटिंगची सगळी यंत्रणा साधारणपणे एकाच फ्यूजवाल्या स्विचवरून चालते आणि त्यात ३ अँपिअरचा फ्यूज असतो. बॉयलर आणि प्रोग्रॅमर दोन्ही मेलेले असतील तर तो स्विच कुणी चुकून बंद केलाय का ते बघा, मग फ्यूज. नवा फ्यूज लगेच उडाला तर तिथेच थांबा. पंप किंवा पाणी झिरपून भिजलेला व्हॉल्व शॉर्ट होत असण्याची शक्यता दाट असते, आणि तिथे १३ अँपिअरचा फ्यूज घालून वेळ मारून नेणं म्हणजे आगीला आमंत्रण.

बॉयलर चालू आणि प्रोग्रॅमर कोरा असेल, तर संशय डबीवर किंवा तिच्या बॅकप्लेटवर. जुन्या डिजिटल प्रोग्रॅमरमध्ये २३० व्होल्ट खाली आणण्यासाठी बऱ्याचदा एक कपॅसिटर वापरलेला असतो. वर्षानुवर्षं वीज चालू राहिल्याने त्याची क्षमता हळूहळू घटते. तसं झालं की पडदा आधी फिका पडतो, मग रिले चालू होताना क्षणभर मालवतो, नंतर रिले टकटक करत फडफडतो आणि शेवटी सगळं कोरं. ही पायरीपायरीची घसरण दिसली असेल तर रीसेटचं बटण दाबून वेळ घालवू नका. एखाद-दुसरा आठवडा निभावेल, हिवाळा निभावणार नाही.

घड्याळ चुकतं

चूक नेमकी एका तासाची असेल तर तो बिघाडच नाही. मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ब्रिटनची घड्याळं बदलतात, आणि बहुतेक जुने प्रोग्रॅमर स्वतःहून बदलत नाहीत. वीज गेली की वेळ आणि कार्यक्रम दोन्ही पुसले जात असतील, तर आतली छोटी चार्ज होणारी बॅटरी संपली आहे. काही मॉडेलांत ती बदलता येते, पुष्कळ जुन्यांत ती बोर्डावर डाग देऊन बसवलेली असते. गोल चकती आणि खुंट्यांचे जे आणखी जुने प्रोग्रॅमर आहेत, त्यांतल्या बहुतेकांत अशी बॅटरी नसते. वीज जितका वेळ गेली तितकं घड्याळ मागे पडतं. वीज न जाताही चकती रोज थोडी मागे पडत असेल, किंवा आतून करकर आवाज येत असेल, तर मोटरचे दाते झिजले आहेत.

वार चुकीचा लागलेला असणं हेही एक फसवं कारण आहे. आठवड्याचे पाच दिवस एक वेळापत्रक आणि शनिवार-रविवारी दुसरं, अशी सोय असलेल्या डबीत वार चुकला की गुरुवारी सकाळी हीटिंग उशिरा लागतं आणि घरचे डबीला शिव्या देतात.

वेळ झाली, टक् झालं, तरी गार

थर्मोस्टॅट पूर्ण वर करा. प्रोग्रॅमरवर हीटिंग ‘सतत चालू’वर ठेवा. आता गरम पाणीही चालू करून बघा. पाणी तापतंय आणि रेडिएटर नाही, म्हणजे बॉयलर ठीक आहे. दोष हीटिंगच्या फांदीवर आहे: प्रोग्रॅमरचा दुसरा रिले, खोलीचा थर्मोस्टॅट किंवा व्हॉल्व. दोन्ही चालत नसतील तर बॉयलरचा पडदा आणि दाबाचा काटा बघा. बंद नळ्यांच्या व्यवस्थेत पाणी गार असताना दाब साधारण १ ते १.५ बार हवा. कडाक्याच्या थंडीत बॉयलरची बाहेर जाणारी पाण्याची नळी गोठते आणि बॉयलर स्वतःला बंद करून घेतो, तेही विसरू नका.

दोन वेगळे व्हॉल्व असलेल्या घरात, म्हणजे ज्याला एस प्लॅन म्हणतात त्यात, एक परीक्षा फार कामाची आहे. एअरिंग कपबर्डमध्ये, म्हणजे गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात, पितळी व्हॉल्ववर बसलेली डबी शोधा. तिच्या बाजूला एक छोटी दांडी बाहेर आलेली असते. हीटिंग बंद असताना ती बोटाने सरकवा, स्प्रिंगचा स्पष्ट विरोध जाणवतो. आता हीटिंग चालू करा, मिनिटभर थांबा आणि पुन्हा सरकवून बघा. दांडी सैल झाली असेल तर मोटरने व्हॉल्व उघडला आहे. याचा अर्थ प्रोग्रॅमरने आणि थर्मोस्टॅटने आपलं काम चोख केलंय, दोष व्हॉल्वच्या पोटातल्या स्विचमध्ये किंवा त्याच्या पुढे आहे. दांडी ताठच राहिली तर एक तर वीजच पोहोचत नाही, नाही तर व्हॉल्वची मोटर जळली आहे. मोटर जळणं हे इतकं नेहमीचं आहे की अशा घरात प्रोग्रॅमर विकत घेण्याआधी मी व्हॉल्व तपासायलाच सांगते. बऱ्याच व्हॉल्वचं वरचं डोकं नळ्यांतलं पाणी न काढता बदलता येतं.

बंदच होत नाही

प्रोग्रॅमरवर हीटिंग बंद दाखवतंय आणि रेडिएटर तापलेलेच आहेत. इथे एकाच कृतीने निकाल लागतो: गरम पाणीही बंद ठेवून खोलीचा थर्मोस्टॅट अगदी खाली करा. काही वेळात बॉयलर थांबला, तर प्रोग्रॅमरच्या रिलेची टोकं एकमेकांना चिकटली आहेत. पडद्यावरचं ‘बंद’ खोटं आहे आणि वीज अजून पुढे जातेय. वर्षानुवर्षं त्या टोकांवर ठिणग्या उडतात, त्यातून हा दोष येतो. डबीवर टिचकी मारून ती टोकं कधीकधी सुटतात, पण पुन्हा चिकटणार हे नक्की. असा प्रोग्रॅमर सरळ बदला.

थर्मोस्टॅट खाली करूनही बॉयलर थांबला नाही, तर प्रोग्रॅमर निर्दोष आहे. व्हॉल्व उघडा अडकलाय किंवा त्याचा आतला स्विच चिकटलाय. उन्हाळ्यात फक्त पाणी तापवताना रेडिएटर कोमट होत असतील, तर तोही व्हॉल्व नीट न मिटण्याचा प्रकार. नवा प्रोग्रॅमर यातलं काहीच बरं करणार नाही.

गरम पाणी लावलं तरच हीटिंग लागतं

हा दोष सगळ्यात जास्त लोकांना चकवतो, आणि खरेदीच्या निर्णयावर त्याचा थेट परिणाम होतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

ज्या घरात तीन तोंडांचा एकच व्हॉल्व आहे, म्हणजे वाय प्लॅन, तिथे व्हॉल्वला दोन निरोप लागतात. एक, ‘हीटिंग हवंय’. दुसरा, ‘पाणी नकोय’. पहिल्या निरोपावर तो मधल्या जागी येतो. दुसरा मिळाल्यावरच तो पूर्ण रेडिएटरच्या बाजूला वळतो आणि बॉयलरला चालू करतो. तो ‘पाणी नकोय’चा निरोप प्रोग्रॅमरच्या १ नंबरच्या टोकातून येतो. पाणी चालू असताना टाकी पुरेशी तापली, तर टाकीचा थर्मोस्टॅटही तो देतो. १ नंबरचं टोक निकामी झालं, किंवा मागे कुणी डबी बदलताना ती वायर मोकळीच सोडली, तर हीटिंग एकट्याने लागत नाही. पाणी चालू केलं की लागतं. घरचे मग वर्षभर दोन्ही चालू ठेवून राहतात आणि गॅसचं बिल भरत बसतात.

एक अपवाद आहे. फार जुन्या घरांत टाकीतलं पाणी पंपाशिवाय, गरम पाणी आपोआप वर चढतं या तत्त्वावर तापतं. तिथे हीटिंगबरोबर पाणी चालू असणं हीच मूळ रचना असते. अशा घरासाठी प्रोग्रॅमरच्या पाठीमागे एक छोटी सरकपट्टी असते, तिने दोन्ही चॅनेल, म्हणजे पाण्याचा आणि हीटिंगचा स्विच, एकमेकांना बांधले जातात. नव्या डबीत ही सोय आहे का आणि ती योग्य बाजूला सरकवली आहे का, हे बसवताना बघावं लागतं.

आणखी एक, भाडेकरूंसाठी. काही घरमालक, विशेषतः मोठ्या गृहसंस्था, असे प्रोग्रॅमर बसवतात ज्यांत वार्षिक गॅस तपासणीची तारीख भरलेली असते. ती उलटली की पडद्यावर सर्व्हिसची सूचना येते आणि हीटिंग तोडकं-मोडकं मिळतं. तो बिघाड नाही. घरमालकाला फोन करा, तपासणी झाली की ते पूर्ववत करतात.

आता तिन्ही मार्ग समोरासमोर

दुरुस्तीबद्दल थोडक्यातच बोलते. डाग द्यायची सवय असलेला माणूस बॅटरी, कपॅसिटर, रिले हे सगळं काही पौंडांत बदलू शकतो. पण त्या बोर्डावर थेट २३० व्होल्ट असतात, आणि एक भाग गेला म्हणजे त्याच वयाचे बाकीचे भागही रांगेत असतात. डबी पुन्हा भिंतीवर चढल्यावर ती दिवसरात्र, कुणाचं लक्ष नसताना चालणार आहे. म्हणून मी एवढंच दुरुस्तीत धरते: घड्याळ लावणं, बदलता येणारी बॅटरी बदलणं, आणि वीज पूर्ण तोडून डबी बॅकप्लेटवरून काढून पुन्हा घट्ट बसवणं. टोकांची पकड सैल झाल्याने कोरा पडलेला पडदा कधीकधी एवढ्यानेच परत येतो. ऑनलाइन बाजारात तेच जुनं मॉडेल वापरलेलं मिळतं, पण त्याची बॅटरी आणि कपॅसिटरही तितकेच म्हातारे असतात. त्या वाटेला जाऊ नका.

साधा नवा प्रोग्रॅमर ढोबळमानाने ५० ते १०० पौंडांत येतो. त्याची मोठी ताकद बॅकप्लेटमध्ये आहे. ब्रिटनमध्ये ड्रेटन, हनीवेल, सीमेन्स अशा अनेक कंपन्यांच्या पुष्कळ मॉडेलांनी एकच बॅकप्लेट स्वीकारलेली आहे. तिच्यावर न्यूट्रल, फेज आणि मग १, २, ३, ४ अशी टोकं असतात. १ म्हणजे पाणी बंद, २ म्हणजे हीटिंग बंद, ३ म्हणजे पाणी चालू, ४ म्हणजे हीटिंग चालू. तुमच्या भिंतीवर ही बॅकप्लेट असेल तर जुनी डबी खालचे दोन स्क्रू सैल करून वर उचलायची आणि नवी तिथेच अडकवायची. एकही वायर हलत नाही. मात्र सगळी मॉडेलं अशी नसतात. त्याच कंपनीच्या दुसऱ्या मॉडेलची बॅकप्लेट वेगळी असू शकते, आणि चकतीच्या जुन्या प्रोग्रॅमरांची टोकं तर बऱ्याचदा पूर्ण वेगळ्या क्रमाने असतात. तिथे एकेक वायर ओळखून नव्या जागी न्यावी लागते.

या साध्या डबीला वाय-फाय लागत नाही, खातं उघडावं लागत नाही, कंपनीचा सर्व्हर चालू असावा लागत नाही. आताच्या पुष्कळ मॉडेलांत घड्याळ आपोआप बदलतं, त्यामुळे मार्च-ऑक्टोबरची कटकट संपते. घरात वयस्कर माणसं असतील तर ‘एक तास जादा’ असं मोठं बटण असलेलं मॉडेल निवडा. पुण्याहून, नागपूरहून आई-बाबा हिवाळ्यात राहायला येतात, मुलं कामावर जातात, आणि दुपारी घर गार पडतं तेव्हा त्यांना फोनमधलं अॅप शोधायला लावणं बरोबर नाही. एक बटण दाबलं, दिवा लागला, तासाभराने आपोआप बंद झालं, हे त्यांना पहिल्या दिवशी जमतं.

स्मार्टचा संच साधारण १५० ते २५० पौंडांपर्यंत जातो, प्रत्येक रेडिएटरवर वेगळे व्हॉल्व घेतले तर त्याहून बराच वर. हाइव्ह, टॅडो, ड्रेटनचं वायझर ही इथली नेहमीची नावं. हाइव्ह आणि वायझरचे रिसीव्हर, म्हणजे वायरिंगला जोडायची डबी, त्याच प्रमाणित बॅकप्लेटवर बसतात, ही त्यांची जमेची बाजू. टाकी असलेल्या घराने दोन चॅनेलचाच प्रकार घ्यायचा, कॉम्बीसाठीचा एक चॅनेलचा नाही. डब्यांची चित्रं इतकी सारखी असतात की दुकानात घाईत हमखास चूक होते. वाय प्लॅनचं घर असेल तर रिसीव्हरला ‘पाणी बंद’चं टोक आहे याचीही खात्री करा, नाहीतर वरचाच दोष नव्या पैशांत विकत घ्याल.

स्मार्ट कुणाला फायद्याचा? ज्यांच्या वेळा रोज बदलतात त्यांना. रुग्णालयात शिफ्ट करणारं जोडपं, आठवड्यातले काही दिवस ऑफिसला आणि काही दिवस घरून काम करणारी माणसं यांच्यासाठी ठरलेलं वेळापत्रक निरुपयोगी असतं. डिसेंबरात तीन-चार आठवडे भारतात जाणाऱ्यांनाही तो उपयोगी आहे. घर गोठू नये एवढी किमान ऊब ठेवता येते, मुंबईत बसून घरात किती अंश आहेत ते दिसतं, आणि विमानतळावरून निघताना हीटिंग लावता येतं. दिवाणखान्यातला थर्मोस्टॅट चुकीच्या जागी असेल, उदाहरणार्थ रेडिएटरच्या डोक्यावर, तर वायरलेस थर्मोस्टॅट भिंत न फोडता योग्य जागी नेता येतो. तुमच्या बॉयलरला ओपनथर्म, म्हणजे थर्मोस्टॅट आणि बॉयलरने एकमेकांशी बोलायची ठरलेली पद्धत, चालत असेल आणि घेतलेलं उपकरणही ते वापरत असेल, तर बॉयलर फक्त चालू-बंद न होता गरजेप्रमाणे कमी-जास्त तापतो. ही खरी तांत्रिक सुधारणा आहे, साधी डबी ती देऊ शकत नाही.

पण ज्या घरात सकाळी साडेसहाला सगळ्यांच्या आंघोळी, आठला घर रिकामं आणि संध्याकाळी सहाला परत, असा वर्षभराचा ठरलेला क्रम आहे, तिथे स्मार्ट उपकरण साध्या डबीपेक्षा वेगळं काही करत नाही. बचतीचे मोठमोठे आकडे जाहिरातीत असतात. जुन्या डबीवर वेळापत्रक नीट लावलेलं असेल तर तेवढी बचत तुम्ही आधीच करताय.

आणि वयाचा मुद्दा. साधी डबी पंधरा-वीस वर्षं चालते, तिच्या आयुष्याचा निर्णय तिच्या आतले भाग करतात. स्मार्टच्या बाबतीत तो निर्णय कंपनीही करते. गूगलने २५ ऑक्टोबर २०२५ पासून नेस्टच्या पहिल्या दोन पिढ्यांचे थर्मोस्टॅट अॅपमधून काढले, युरोपातलं २०१४ चं मॉडेलही त्यात होतं. भिंतीवरचं यंत्र हाताने चालतं, पण ज्यासाठी ते घेतलं ती फोनची सोय गेली. युरोपात नवे नेस्ट थर्मोस्टॅट आणणार नाही, हेही कंपनीने ही घोषणा करतानाच सांगितलं होतं. स्मार्ट घ्यायचंच असेल तर इंटरनेट किंवा कंपनीची सेवा बंद पडल्यावर हाताने काय काय चालतं, हे आधी वाचा.

निर्णय बदलणाऱ्या काही गोष्टी

भाड्याच्या घरात राहत असाल तर खरेदी तुमचं काम नाही. इंग्लंडमध्ये नेहमीच्या अल्पमुदतीच्या भाडेकराराला १९८५ च्या घरमालक-भाडेकरू कायद्याचं ११ वं कलम लागू होतं, आणि हीटिंग व गरम पाण्याची यंत्रणा दुरुस्त ठेवणं त्यात घरमालकावर आहे. लक्षणं लिहून कळवा. ‘हीटिंग चालत नाही’ असं मोघम लिहिण्यापेक्षा ‘प्रोग्रॅमर बंद दाखवतो, थर्मोस्टॅट खाली केल्यावरच बॉयलर थांबतो’ असं लिहिलंत तर येणारा माणूस योग्य सुटा भाग घेऊन येतो. स्वतःहून स्मार्ट बसवू नका.

बॉयलर म्हातारा असेल आणि वर्ष-दोन वर्षांत बदलायचा विचार असेल, तर आत्ता साधी डबी. इंग्लंडमध्ये एप्रिल २०१८ पासून नवा कॉम्बी बसवताना वेळ आणि तापमानाच्या नियंत्रणाबरोबर आणखी एक ऊर्जा वाचवणारी सोय द्यावीच लागते, आणि स्मार्ट कंट्रोल हा त्यातला एक पर्याय आहे. म्हणजे तेव्हा तो विषय निघणारच. बॉयलरऐवजी हीट पंपाचा विचार असेल तर त्याचं स्वतःचं कंट्रोलर येतं, मग आजच्या स्मार्ट संचाचे पैसे वाया.

घड्याळ बॉयलरच्या अंगातच असेल, तर ते बदलायला बॉयलर उघडावा लागतो, आणि ते काम गॅस सेफ, म्हणजे गॅसची कामं करणाऱ्यांची इथली अधिकृत नोंदणी, असलेल्या माणसाचंच. कॉम्बीला बाहेरून प्रोग्रॅमर जोडतानाही सावध राहा. काही बॉयलरच्या कंट्रोलच्या टोकांवर २३० व्होल्ट चालत नाहीत. नेहमीच्या प्रोग्रॅमरमध्ये फेज आतूनच स्विचला जोडलेला असतो. तो अशा टोकांवर गेला की बॉयलरचा बोर्ड जळतो, आणि तो बोर्ड प्रोग्रॅमरच्या कित्येक पट महाग पडतो. बॉयलरच्या पुस्तिकेत व्होल्टमुक्त स्विच, म्हणजे स्वतःची वीज पुढे न सोडणारा, मागितला असेल तर तसंच मॉडेल घ्या.

माणूस यायला दोन दिवस लागणार असतील आणि घरात टाकी असेल, तर टाकीजवळ इमर्शन हीटरचा स्विच शोधा. बहुतेक टाक्यांत तो असतो. विजेवर चालतो म्हणून महाग, पण आंघोळी अडत नाहीत.

बॅकप्लेट बघितल्याशिवाय काही मागवू नका

हीटिंगचा फ्यूजवाला स्विच बंद करा, फ्यूज बाहेर काढून खिशात ठेवा, म्हणजे घरातलं दुसरं कुणी मध्येच चालू करणार नाही. डबीचे खालचे स्क्रू सैल करा, ती उचलून बाजूला ठेवा. आता चांगल्या टेस्टरने प्रत्येक टोक तपासा. एका टोकावर वीज नाही म्हणून बाकीच्यांवरही नाही, असं धरू नका. टेस्टर नसेल किंवा तो वापरायची सवय नसेल तर डबी काढूच नका, इलेक्ट्रिशियनला बोलवा.

मग बॅकप्लेटचा फोटो काढा, प्रत्येक वायर कुठल्या नंबरला जाते ते स्पष्ट दिसेल असा. वायरच्या रंगावर भरवसा नको. ब्रिटनमध्ये वायरचे रंग २००४ ते २००६ दरम्यान बदलले, त्यामुळे जुन्या घरात लाल-काळ्या आणि नव्या तपकिरी-निळ्या शेजारीशेजारी सापडतात. हीटिंगच्या वायरिंगमध्ये निळी वायरही चालू विजेची असू शकते. टोकाचा नंबर हेच खरं. फोटोत १ नंबरला वायर दिसली तर घर वाय प्लॅनचं असण्याची शक्यता मोठी, फक्त ३ आणि ४ ला असतील तर बहुधा एस प्लॅन.

टोकांच्या आसपास प्लास्टिक तपकिरी झालंय का तेही बघा. एखादा स्क्रू वर्षानुवर्षं सैल राहिला की तिथे उष्णता होते, प्लास्टिक करपतं, वायरचं टोक काळं आणि ठिसूळ होतं, आणि जवळ नाक नेलं तर जळका वास येतो. अशा बॅकप्लेटवर नवी डबी अडकवू नका, साधी नको आणि स्मार्टही नको. आधी बॅकप्लेट बदलून घ्या, वायरची करपलेली टोकं कापून नव्याने जोडून घ्या. भेटीचे ८० ते १५० पौंड जातील, लंडनमध्ये वरच्या टोकाला, पण त्याच भेटीत नवी डबीही बसवून होते.

बसवून झाल्यावर माणूस दारातून बाहेर पडायच्या आत चारही स्थिती चालवून बघा: फक्त पाणी, फक्त हीटिंग, दोन्ही, आणि दोन्ही बंद. पाणी चालू राहिलं तर १ नंबरचा दोष लपून राहतो, म्हणून फक्त हीटिंगची परीक्षा करताना प्रोग्रॅमरवर पाणी नक्की बंद आहे ना, ते बघा. प्रत्येक वेळी पाच मिनिटं थांबून रेडिएटरला आणि टाकीकडे जाणाऱ्या नळीला हात लावा. शेवटी दोन्ही बंद केल्यावर बॉयलरची ज्योत विझते का ते बघा. पंप त्यानंतर काही मिनिटं फिरत राहिला तर घाबरू नका, बऱ्याच बॉयलरांत उरलेली उष्णता बाहेर काढण्यासाठी तो मुद्दामच चालू ठेवलेला असतो.